पडद्याच्या उलट्या बाजूला

कापडगिरणीतल्या मागांच्या खात्यात माणसाचं नाव ओठांवर दिसावं लागतं. शेकडो माग एकदम सुरू झाले की तिथे कानांचा काही उपयोग राहत नाही; शेजारची बाई जिवाच्या आकांताने ओरडली तरी तो आवाज तिच्या तोंडातच विरतो. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. गळ्यातून निघणारी, जिभेच्या मुळाशी वळणारी नावं तिथे चालत नाहीत. पमीचं खरं नाव असंच गळ्यातलं होतं, ते कामावरच्या पहिल्या काही दिवसांतच गळून पडलं. दोनदा ओठ मिटले की झाली पमी. देखरेख करणाऱ्या जॉबरला सगळ्या जणी भोपळा म्हणत, पण त्याची पाठ वळलेली असतानाच, कारण ओठ त्यालाही वाचता येत होते.

त्या सकाळी मावशी मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी भरता भरता सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. ही मावशी म्हणजे पमीच्या आईची जुनी मैत्रीण, समोरच्याच मागांवर काम करणारी. मधला बोळ ओलांडून, आवाजाचा एक कणही न काढता तिचं चाललं होतं.

"चहात साखर घालते की नुसता चमचा दाखवते, काही कळत नाही."

"आणि तरी रोज दोन कप पिता," पमीची आई आपल्या मागावरून म्हणाली.

बोळातल्या सगळ्या बायका हसल्या. खात्यात गुपित राहत नसे. कुणाला काही लपवून सांगायचं असलं तर तोंडासमोर हात धरावा लागे, आणि हात धरला की सगळ्यांनाच कळे की काहीतरी आहे. भांडण झालं तरी कुणी आवाज चढवत नसे, चढवून उपयोग काय. रागावलेली बाई सरळ पाठ फिरवी. मग तिच्याशी बोलण्याचे सगळेच रस्ते बंद होत, आणि समोरची कितीही तोंड हलवत राहिली तरी ते हवेतच जाई.

पमी या खडखडाटातच वाढली होती. लहान होती तेव्हा आईच्या पायाशी सुताच्या टोपलीत झोपायची, नंतर मागावर उभी राहिली, आणि विशी गाठेपर्यंत तिच्या कानांनी हळूहळू रजा घेतली. जवळ कुणी बोललं तर गुणगुण कळे, शब्द कळत नसत. खात्यात त्याचं कुणाला काहीच वाटत नसे. बाहेर मात्र पंचाईत व्हायची. दुकानदार मान खाली घालून बोले, डॉक्टर भिंतीकडे बघत बोले, आणि पमीने "काय?" म्हणून विचारलं तर तिचा आवाज असा काही मोठा येई की रस्त्यावरची माणसं वळून बघत. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आणि त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, धाकटे मालक खात्यात आले.

ते तसे कधी यायचे नाहीत. शिकायला दूर गेले होते, परत आले ते डोक्यात चित्रपटाचं खूळ घेऊन. चित्रपट तेव्हा मुके होते. नट ओठ हलवत, मग पडद्यावर अक्षरं येत, आणि ज्यांना वाचता येई त्यांना कळे काय चाललंय ते. धाकट्या मालकांनी स्वतःच गोष्ट लिहिली होती. गिरणीमालकाचा मुलगा वेष पालटून स्वतःच्याच गिरणीत मजूर म्हणून राहतो, यंत्राच्या पट्ट्यात अडकतो, सुतात गुरफटतो, आणि एका मागवालीच्या प्रेमात पडतो. हसून हसून पोट दुखावं आणि शेवटी लग्न लागावं, असा सगळा बेत. चित्राचं नाव 'मालकाची सून'. नायक ते स्वतःच. अडलं होतं नायिकेपाशी. चांगल्या म्हणवणाऱ्या घरातल्या मुली कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायला तयार नव्हत्या, आणि राहिल्या असत्या तरी त्यांतल्या एकीलाही तुटलेला धागा जोडता आला नसता.

बरोबरच्या दिग्दर्शकाने बोळातून एक चक्कर मारली आणि पमीपाशी थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो धाकट्या मालकांच्या कानात काहीतरी बोलला. पमीला ते सहज वाचता आलं. "हिचं तोंड बघा. न बोलता सगळं कळतंय." तिला हसू आलं, कारण त्या खात्यात सगळ्याच बायका न बोलता सगळं सांगत होत्या.

जॉबरने तिचे माग दुसऱ्या मुलीला दिले. "तुझे माग कुठे जात नाहीत," तो म्हणाला. "चित्र करून ये, मजा कर." आईला ते पटलं नव्हतं, पण मालकांच्या मुलाला नाही कोण म्हणणार.

गिरणीच्या वरच्या गच्चीवर, चारी बाजूंनी पांढरी कापडं बांधून, उन्हात चित्रीकरण चाले. पहिले काही दिवस पमी नुसती भेदरलेली होती. मग एक गोष्ट झाली, साधीच. दिग्दर्शक तिला पाठमोरा राहून सूचना देत होता आणि ती गोंधळून इकडेतिकडे बघत होती. धाकटे मालक पुढे झाले, तिच्या समोर उभे राहिले, चेहरा उजेडाकडे केला आणि सावकाश, स्पष्ट ओठांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यानंतर ते तिच्याशी नेहमी असेच बोलू लागले. खात्याबाहेरचं कुणी आजवर तिच्याशी असं समोर तोंड करून बोललंच नव्हतं. माणूस कशाने भाळतो याचा काही नेम नसतो. पमी भाळली ती एवढ्यानेच, आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

"मला तुम्ही म्हणू नकोस," एके दुपारी पांढऱ्या कापडाच्या सावलीत बसून ते म्हणाले.

"मग काय म्हणू?"

"तू म्हण. आणि हळू बोल. तुझा आवाज मोठा येतो, लोक बघतात. चारचौघांत बोलूच नकोस, नुसते ओठ हलव. मला कळतं."

तिला वाटलं, किती काळजी करतो हा आपली. ती नुसते ओठ हलवून "तू" म्हणाली, आणि दिवसभर तो शब्द तोंडात घोळवत राहिली.

इथे मुक्या चित्रांची एक गंमत सांगायला हवी. आवाज टिपला जातच नव्हता, त्यामुळे नट कॅमेऱ्यासमोर वाटेल ते बोलत. दिग्दर्शक म्हणे, "काहीही बोला, फक्त तोंड हलतं ठेवा." धाकटे मालक सुतात गुरफटण्याचा प्रसंग करताना दुपारच्या जेवणाबद्दल बोलत. चित्रात त्यांच्या वडिलांची भूमिका करणारा म्हातारा नट, बोट नाचवून मुलाला घराबाहेर काढताना, खरं तर आपल्या दाढदुखीची हकिगत सांगत असे. पमीला मात्र तसं जमेना. ओठांवर खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. नायकाने अंगठी पुढे करायचा प्रसंग आला तेव्हा तिने खरंच विचारलं, "तू मला घरी नेशील? तुझ्या आईसमोर उभी करशील?"

आणि कॅमेरा चालू असताना, तिच्या डोळ्यांत बघून ते म्हणाले, "नेईन. लग्न करीन. हे खोटं समजू नकोस."

मग त्यांनी तिला जवळ घेतलं. तिचं तोंड त्यांच्या छातीत होतं, त्यांचं कॅमेऱ्याकडे. त्यांच्या छातीतून काहीतरी घुमल्याचं तिला जाणवलं, ते बोलत होते. सुटल्यावर तिने विचारलं, "काय म्हणालास?"

"तुझं नाव घेतलं," ते म्हणाले.

अंगठी लगेच सामानाच्या पेटीत परत गेली. त्याचं पमीला काही वाटलं नाही.

घरी आई चुलीपाशी बसून भांडी पुसत होती. त्या मायलेकी घरातही ओठांनीच बोलत. पातळ भिंतींच्या चाळीत त्याचा फायदाच होता.

"शब्द दिलाय त्याने?" आईने विचारलं.

"दिलाय."

"कुणासमोर?"

"कॅमेऱ्यासमोर. सगळ्यांना दिसेल तो, आई. तुलाही."

आई बराच वेळ एकच भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "बघू." पमीला आईचा राग आला. आपल्या सुखात मिठाचा खडा टाकणारी आईच असावी, असं तिला त्या दिवशी वाटलं.

गिरणीच्याच रस्त्यावर मालकांचं चित्रपटगृह होतं. मधोमध पडदा ताणलेला. पुढे गाद्यांच्या खुर्च्या, पंखे, आणि कोपऱ्यात पियानो वाजवणारा माणूस. पडद्याच्या मागे लाकडी बाकं. गिरणीतल्या माणसांनी मागच्या गल्लीतून यायचं आणि मागे बसायचं, अशी तिथली रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती खोडायची कुठून हेही कुणाला कळत नव्हतं. चित्र मागूनही दिसावं म्हणून खेळाआधी पडद्यावर पाणी मारत. मग मागच्यांना सगळं दिसे, पण उलटं. डावा हात उजवा होई, अक्षरं आरशात धरल्यासारखी येत, आणि नायक ज्या दारातून आत आला ते दार भलत्याच बाजूला असे. त्याच चित्रासाठी तेही पैसे मोजून येत होते, हे पुढे बसलेल्यांच्या कधी डोक्यातही आलं नसेल.

मागची माणसं अडाणी आहेत, रडायच्या जागी हसतात, असं पुढची माणसं एकमेकांत म्हणत. ती हसत हे खरं होतं. पुढे अक्षरं येत, 'तुझ्याविना मला जग सुनं आहे', आणि गुडघे टेकलेला नायक ओठांनी म्हणत असे, "आटप लवकर, गुडघ्याला खडा टोचतोय." मागच्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, ओठ येत होते. ओठ काय, सुलट आणि उलट दोन्हीकडून सारखेच दिसतात. हे पुढच्या एकालाही ठाऊक नव्हतं, कारण मागे येऊन बसायची वेळ त्यांच्यातल्या कुणावरच कधी आली नव्हती.

'मालकाची सून'चा पहिला खेळ सुट्टीच्या दुपारी होता. "तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं," धाकट्या मालकांनी तिला सांगून ठेवलं होतं. पमीने मावशीच्या सुनेकडून निळा पोशाख मागून आणला, तो आईने अंगाबरोबर शिवून दिला. एवढं करून ती पुढच्या दाराशी गेली, तर गिरणीतूनच तिथे आलेला दारवान आडवा आला. तिने ओठांनी धाकट्या मालकांचं नाव सांगितलं. दारवान आत गेला आणि परत आला.

"आज गर्दी आहे म्हणाले. तू घरच्यांबरोबर मागेच बस. चित्र संपल्यावर स्टेजवर बोलावतील." त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण तो पुढे म्हणाला, "मागून पण छान दिसतं."

पमी गल्लीतून वळसा घालून मागे गेली. गर्दी असेल खरंच, असं तिने स्वतःला समजावलं. आईने सरकून जागा केली आणि काही विचारलं नाही. आईने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दिवे गेले. पडद्यावर त्यांचंच खातं आलं, त्यांचे माग, आणि त्यात पमी. बाकांवर आनंदाची लाट उठली. मावशीने पमीच्या पाठीत धपाटा घातला. धाकटे मालक सुतात गुरफटले तेव्हा पुढचे त्यांच्या धडपडण्याला हसले आणि मागचे त्यांच्या ओठांवरच्या जेवणाच्या बेताला. म्हाताऱ्या नटाची दाढदुखी आली तेव्हा तर बायका डोळे पुसायला लागल्या.

मग अंगठीचा प्रसंग आला, आणि मागे हळूहळू हसू थांबलं. पमीचे ओठ विचारत होते, तू मला घरी नेशील? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ही तर खरंच बोलतेय. नायकाचे ओठ म्हणाले, नेईन, लग्न करीन, हे खोटं समजू नकोस. आईचा हात अंधारात पमीच्या हातावर आला आणि तिथेच राहिला. सगळ्या खात्याने शब्द वाचला होता. याहून जास्त साक्षीदार कुठल्या लग्नाला मिळतात? पमीला वाटलं, आता गर्दीचं काय, खुर्चीचं काय, काहीच नको.

पडद्यावर त्याने तिला जवळ घेतलं. तिचा चेहरा लपला. त्याचा चेहरा मोठा होऊन समोर आला, उन्हात न्हालेला, देखणा. पुढे पियानोवाल्याने अगदी हळुवार काहीतरी धरलं होतं. तिच्या डोक्यावरून कॅमेऱ्यामागच्या कुणाकडे तरी बघत तो चेहरा हसला आणि त्याचे ओठ म्हणाले:

"वेड लागलंय का? लग्न कसलं? हिला ऐकू येत नाही म्हणून बरं. चित्र संपलं की जाईल परत मागावर."

मग उलटी अक्षरं आली. 'आजपासून माझं घर ते तुझं घर.' पुढच्या खुर्च्यांवर बायकांनी रुमाल काढले.

मागे कुणी हललं नाही. त्याने तिची मान आपल्या छातीत वळवून घेतली होती, कॅमेऱ्याची मान वळवायला तो विसरला होता. आपण बोललो ते जिला कळू नये तिला कळलं नाही, एवढ्यावर त्याचं समाधान झालं होतं. पमी बघत राहिली. छातीतून घुमलेला तो आवाज तिच्या गालाला अजून आठवत होता. कितीतरी रात्री ती त्याच आठवणीवर झोपी गेली होती. तुझं नाव घेतलं, असं तो म्हणाला होता. ज्या माणसाने तिच्यासाठी चेहरा उजेडाकडे करायला शिकून घेतलं, त्यानेच कधी अंधारात राहायचं तेही शिकून घेतलं होतं. आईचा हात तिच्या हातावर घट्ट झाला होता आणि आई तिच्याकडे बघत नव्हती. मुलीचा असा अपमान बघून तिच्याकडे बघायचं नसतं, तेवढी माया त्या हातात होती.

दिवे लागले. पुढे टाळ्यांचा कडकडाट चालला असावा, बाकं थरथरत होती. थोरले मालक, धाकट्यांचे वडील, स्टेजवर उभे राहून बोलू लागले. पडद्याच्या कडेच्या फटीतून त्यांचे ओठ दिसत होते. आमच्या घराण्याने श्रीमंत-गरीब हा भेद कधी मानला नाही, असं ते सांगत होते. या चित्राने समाजाचे डोळे उघडतील. आणि आता आमच्या गुणी नायिकेला...

दारवान बोलवायला आला. पमी उठली. आईने तिची बाही धरली, मग सोडली.

स्टेजवरून पमीने पहिल्यांदा ती जागा सुलट बाजूने पाहिली. पहिल्या रांगेत धाकटे मालक होते आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या गिरणीमालकाची मुलगी बसली होती, तिच्या बोटात अंगठी होती, आणि ती सामानाच्या पेटीतली नव्हती. दोघं हसून पमीसाठी टाळ्या वाजवत होते. थोरल्या मालकांनी फुलांचा गुच्छ पुढे केला. पमीने तो घेतला नाही.

ती लोकांकडे वळली आणि मोठ्याने बोलली. किती मोठ्याने, ते तिला कधी कळायचंच नाही. आज तिने त्याची फिकीरही केली नाही.

"वेड लागलंय का? लग्न कसलं? हिला ऐकू येत नाही म्हणून बरं. चित्र संपलं की जाईल परत मागावर." मग तिने बोट उचलून पहिल्या रांगेकडे दाखवलं. "हे त्याने म्हटलंय. आत्ता, पडद्यावर. तुम्ही सगळे रडत होता तेव्हा."

धाकट्या मालकांचा चेहरा पडला. तो एकच माणूस होता तिथे ज्याला सगळं समजलं. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग कुणीतरी हसलं. तो सपाट, चढा आवाज, ते बोट, तो उसना पोशाख. थोरल्या मालकांनी प्रसंग सावरला. "आमची नायिका विनोदीही आहे बरं का," ते म्हणाले, आणि सारं सभागृह हसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या.

मी त्या दुपारी पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना वाईट माणसं म्हणणार नाही. त्यांना चित्र आवडलं होतं, नायिकेसाठी त्यांचे डोळे भरून आले होते. फक्त ती नायिका त्यांना पडद्यावर हवी होती. तिथून उतरून ती खरं बोलायला लागली तेव्हा त्यांना ती गंमत वाटली. हे वाचून ज्यांना पमीची कणव येईल, त्यांनीही जरा आठवून बघावं, आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाने समोरच्या दाराने येऊन खुर्चीवर बसलेलं आपण शेवटचं कधी पाहिलं.

पमी स्टेजच्या पायऱ्या उतरली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सरळ चालत गेली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. दारवानाने दार धरून ठेवलं. रस्त्यावर येऊन तिने मागे पाहिलं तर गल्लीतून आई येत होती, आईच्या मागे मावशी, आणि मावशीच्या मागे सगळं खातं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. जॉबर दाराशीच उभा होता. "तुझी जागा भरलीय," तो जमिनीकडे बघत म्हणाला, आणि मग वर बघून पुन्हा म्हणाला, कारण तेवढी लाज त्याला होती. पमीचे माग जिला दिले होते ती मुलगी हे वाचत होती. तिने आपला रुमाल मागाच्या कडेवरून उचलला आणि बाजूला झाली. जॉबरने तिला परत जागेवर जायला सांगितलं. तिने पाठ फिरवली. मग ते माग सांभाळायला मावशीला सांगितलं, मावशीने पाठ फिरवली. मग त्याने वैतागून पमीला हाताने खूण केली, जा बाई, लाग कामाला. भोपळा अगदीच वाईट नव्हता.

मागची बाकं त्या दिवसापासून रिकामी राहिली. गिरणीतल्या माणसांनी निरोप पाठवला, पुढे बसवत असाल तर येऊ. उत्तर आलं नाही. 'मालकाची सून' मात्र जोरात चालली, शेजारच्या गावांतही गेली. ते ओठ असलेला तुकडा धाकट्या मालकांनी कापून टाकला होता. त्या जागी चित्र एकदम उडी मारत असे, आणि लोकांना वाटे, फीत जुनी झाली असेल. लोकांना आणखी चित्र हवं होतं, त्याच नायिकेचं. पत्रं येत होती म्हणे.

म्हणून एका सकाळी धाकटे मालक पुन्हा खात्यात आले. माग भरात होते. ते पमीच्या समोर उभे राहिले आणि सवयीने चेहरा उजेडाकडे केला. बोळातले सगळे डोळे तिकडे वळले.

"चुकलं माझं," त्यांचे ओठ म्हणाले. "तो एक मूर्खपणा होता. नवं चित्र करतोय, याहून मोठं. तूच नायिका. बाबांना पटवलंय मी. तुला पुढे खुर्ची मिळेल, पहिल्या रांगेत, कायमची."

पमीने धागा जोडला, माग सुरू केला आणि त्यांच्याकडे पाहिलं. तो चेहरा अजूनही देखणा होता. एकेकाळी तिने त्याच्यावरचा प्रत्येक शब्द पिऊन घेतला होता, आणि आत्ताही त्यातलं काही तिच्या आत हललं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

"आईला कुठे बसवणार, मालक?" तिने विचारलं.

"आईला..." त्यांचे ओठ अडखळले. "आईला मागे सवय आहे ना."

पमीने पाठ फिरवली.

मालकांनी समोरच्या मावशीकडे पाहिलं, मावशीने पाठ फिरवली. मग तिच्या शेजारचीने. मग पमीचे माग सोडून दिलेल्या त्या मुलीने, मग आईने. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकामागून एक पाठी फिरत गेल्या, आणि माग चालत राहिले. धाकटे मालक मधोमध उभे राहून अजून काहीतरी बोलत होते. काय बोलत होते, ते कुणी पाहिलं नाही.